टाकीत उतरवलेला कंदील

मी मूळचा सौंसरचा. सौंसरचा म्हणजे गावाच्या पार बाहेर, जिथं संत्र्याचे बगीचे सुरू होतात तिथं आमची वस्ती होती. बाप सालदार, माय निंदायले जाय. बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी दुसरी-तिसरीत असन. मालकाले ते आवडलं नाही, त्यानं बैल हाकायच्या तुतारीनं बापाले हाणलं, तुतारीच्या टोकाले लोखंडाची आर असते, ती पाठीत घुसली अन् तिथं जो खड्डा पडला तो बाप मरेपर्यंत तसाच होता, आम्ही भावंडं त्यात बोट घालून पाहो. बाप रागावत नसे. म्हणे पाहा, नीट पाहा, अन् शाळेत जा. मी गेलो, आठवी केली, अन् त्यावर मले पांढुर्ण्याच्या एका जिनिंगात काट्यावर काम भेटलं, आजही तिथंच आहो. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, येतात, भरलेली बंडी मोजायची, रिकामी मोजायची, मधातला फरक सांगायचा. त्यामुळे काय सांगू तुम्हाले, अंदाजानं बोलणं मले जमतच नाही. फूट म्हणलं तर फूट अन् इंच म्हणलं तर इंच. जे मी मोजलं नाही ते मोजलं नाही म्हणूनच सांगीन.

जिनिंगातही रक्त मी कमी नाही पाह्यलं. पट्ट्यात धोतर गुंतून एक माणूस फिरत्या चाकावर गेला अन् त्याच्या अंगावरचं ते धोतर मीच सोडवलं. पण ते दुसऱ्याचं. घरचं सांगतो.

घर मी पांढुर्ण्याच्या कडेले बांधलं, तिगाव रस्त्याले, काळ्या मातीत. मागं बांध, अन् बांधाच्या त्या अंगाले किसनरावाचा संत्र्याचा बगीचा, त्यात त्याची विहीर. घरात मी, माझी बायको सुभद्रा अन् म्हातारी माय. संडास कोणाच्याच घरी नव्हता, बाया झुंजुरक्याच, उजाडाच्या आधी, नाल्यावर जात. नाल्याच्या त्या काठाले दुसऱ्याच कोणाचा मोठा बगीचा, त्याचे रखवालदार मचाणावर गोफण घेऊन बसत. गोफण पाखरांसाठी असते. पण बाया बसलेल्या दिसल्या की ते मजा म्हणून गोटे सोडत अन् वरून हासत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात नदीच्या दोन काठांवरून लोक खेळ म्हणून एकमेकांले गोटे मारतात ते तुम्ही पाह्यलंच असन, पण तिथं इकडूनही जातात अन् तिकडूनही येतात, डोकं फुटलं तर दोन्हीकडचं फुटते. नाल्यावर गोटे एकाच बाजूनं येत.

एका सकाळी सुभद्रा नाल्यावरून आली, एका हातात लोटा, दुसऱ्या हाताची मूठ बंद, अन् पदर छातीपर्यंत लाल. मी चहा पिऊन राहिलो होतो. तिनं माझ्या बशीपाशी मूठ उघडली. समोरचे दोन दात. ओठ फाटलेला, बोलणं धड निघेना, तरी म्हणे, मोजणारे ना तुम्ही, हे मोजा.

मी कुऱ्हाड काढली. खोटं कशाले सांगू, त्या दिवशी माझ्या हातून एखादा गेलाच असता. माय दारात आडवी पडली, म्हणे माझ्यावर पाय देऊन जाय. सुभद्रा ओट्यावर थुंकली, रक्तच थुंकली, अन् म्हणे कुऱ्हाड ठेवा, सब्बल घ्या, अन् घरामागं खड्डा खोदा. मी यापुढं नाल्यावर जाणार नाही.

खड्डा मी खोदला, टाकी बांधाले रेल्वेच्या क्वार्टरांवर काम केलेला मिस्त्री आणला. आतून सात फूट लांब, तीन रुंद, पाच खोल. मधात भिंत, म्हणजे घाण पहिल्या खणात बसते अन् वरचं पाणी दुसऱ्या खणातून पाइपानं शोषखड्ड्यात जाते. शोषखड्डा म्हणजे विटांच्या तुकड्यांनी भरलेला साधा खड्डा, तिथून पाणी जमिनीत मुरते. टाकीवर सिमिटाचा स्लॅब, त्यात दीड फुटाचं झाकण, अन् कोपऱ्यातून हवेचा पाइप, नऊ फूट उंच. किसनराव बांधावर उभा राहून सारं पाहे. एक दिवस म्हणे, देवाजी, माझ्या विहिरीपासून हे किती दूर आहे? मी टेप लावून दाखवला, बासष्ट फूट. तो म्हणे टेप तुले कळते, पाण्याले कळते का?

त्याचं बोलणं मले लागलं, पण चूक नव्हतं. म्हणून मी ती टाकी लेकरासारखी सांभाळली. त्यात फिनेल ओतायचं नाही, ओतलं तर घाण जिरवणारे किडे मरतात. राख नाही, चिंधी नाही, अन् छपराचं पाणी तर बिलकुल नाही. दर फागणात, होळीच्या आधी, मी झाकण काढो, बांबूले पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत टेकवो अन् वर ओढो. फडकं जिथवर काळं तिथवर गाळ. दोन फुटांच्या वर गेला तर उपसायचा. बाया हासत, म्हणत देवाजीभाऊ, जिनिंगात कापूस मोजता अन् घरी हे मोजता, तुमच्या नशिबी मोजणंच आहे. सुभद्रा म्हणे मोजू द्या, ज्याच्या घरी आहे तोच मोजन.

त्या वर्षी मोजायच्या आधीच आभाळ आलं. फागणात आमच्याकडे आभाळ आलं की संत्रावाला बांधावर येऊन वरच पाहत राहते. दुपारी अंधारून आलं अन् गारा पडल्या, लिंबाएवढ्या म्हणतात ते म्हणणं झालं, मी एक उचलून पाह्यली, ती मुठीत मावत नव्हती. छपराचे कवेलू फुटून घरात पडले, मायच्या डोक्यावर मी परात धरून उभा राहिलो. बाहेर पाह्यलं तर किसनरावाचा सारा बहार, तोडणीले आलेली संत्री, जमिनीवर फुटून पडलेली, पिवळाच चिखल, त्यात मेलेले पोपट. आमच्या बाभळीची फांदी मोडून हवेच्या पाइपावर पडली अन् पाइप कमरेएवढा थोटका राहिला. गारा थांबल्या, पाऊस थांबला नाही. काळी माती पाणी पिते तोवर पिते, मग ओकते. दुसऱ्या दिवशी संडासाच्या भांड्यात पाणी टाकलं की बुडबुड करून वर येई, अन् झाकणाच्या फटीतून घाण पाणी अंगणात.

सुभद्रा म्हणे, हे नीट करा. मी म्हणलं पाऊस थांबू दे, दोन-चार रोज नाल्यावर... तिनं माझ्याकडे पाह्यलं अन् तोंड उघडलं. ती खिंड दाखवली. मी तसाच निघालो अन् तिगावहून तिच्या लहान्या भावाले घेऊन आलो.

मारोती त्याचं नाव. विहिरी खोदणारा, सुरुंग लावून खडक फोडणारा, या भागात पाचपन्नास विहिरी त्याच्या हाताच्या, हे मी मोजलं नाही, तो सांगे. आल्या आल्या त्यानं पाहिलं की मोडलेल्या पाइपातून पावसाचं पाणी टाकीत जाऊन राहिलं. विहिरीवाल्याची रीत अशी की पहिले वरून येणारं पाणी बंद कर. त्यानं एक बारदाना गुंडाळला अन् पाइपाच्या तोंडात कोंबला, दगडानं ठोकून ठोकून. मग झाकण काढलं अन् आम्ही दोघं बादलीनं उपसाले लागलो. मागच्या कोपऱ्यात एक खड्डा केला, त्यात ओतो. पण वरून पाऊस, खड्डा भरला, अन् ते सारं बांधावरून उतरून किसनरावाच्या बगिच्यात, विहिरीच्या दिशेनं.

किसनराव आला. दोन्ही जवान पोरं संग, तिघांच्या हातात काठ्या. बांध उतरता उतरताच ओरडला, अरे देवाजी, वरच्यानं झाडं घेतली, आता विहीर तू घेतो का? मी म्हणलं किसनभाऊ, ऐका तरी. तो म्हणे ऐकलं तेव्हा टेप लावून दाखवला होता तू, आता लाव टेप, मोज, किती दूर आहे! अन् काठी बसली. डावा खांदा, गळ्याजवळचं हाड, कट् असा आवाज मले माझाच ऐकू आला. उजव्या हातात भरलेली बादली होती, ती मी त्याच्या तोंडावर मारली. घाणीनं न्हाऊन निघाला तो. मग काय, त्याच्या लहान्यानं मले खाली पाडून लाथा घातल्या, पोटात, तोंडात, अन् मारोतीनं त्याले मागून गळ्याले धरून उचललं, पोट्ट्याचे डोळे बाहेर आले, मोठा मारोतीच्या पाठीवर काठी हाणून राहिला अन् मारोती सोडेना. माय ओट्यावरून ओरडे, मारा, मारा, माझ्या लेकाले मारा, मग तुमच्याच विहिरीत फेका, मग पिता का ते पाणी!

किसनरावानं तोंड पुसलं अन् पोरांले म्हणे, फावडे आणा, ही टाकी आत्ता बुजवतो.

तेव्हा सुभद्रा स्लॅबवर जाऊन उभी राहिली. हातात सब्बल. म्हणे बुजवा ना पाटील. पहिले मले टाका आत, मग माती. दात मी देले आहे, आता माझ्यापाशी देण्यासारखं काही नाही. असं म्हणून तिनं त्याच्यासमोरही तोंड उघडलं. किसनरावाले ठाऊक होतं ते कोणाच्या गोट्यानं, पण इतक्या जवळून त्यानं ते पाह्यलं नव्हतं. तो थांबला. काठी खाली नाही केली, पण थांबला. म्हणे मग हे पाणी तरी थांबवा, माझे बैल काय पितील?

मारोतीनं पोट्ट्याले सोडलं. दम खात म्हणे, शोषखड्ड्याकडे जाणारा पाइप बुजला असन पाटील, मी आत उतरतो, मोकळा करतो, पाणी शोषखड्ड्याले लागन, तुमच्याकडे थेंब येणार नाही. अन् त्यानं सदरा काढला, दोर कमरेले बांधाले लागला.

थांब रे, किसनराव म्हणाला. अंगावर माझी घाण, हातात काठी, अन् म्हणे, विहिरीवाला ना तू? बत्ती न उतरवता उतरतो का? माझा भाऊ असाच उतरला होता जुन्या विहिरीत, गुडघाभर पाणी होतं, पाण्यानं नाही मेला तो, हवेनं मेला, वर काढला तेव्हा तोंड निळं. मारोती म्हणे व्हय पाटील, चुकलो, पण कंदील नाही आणला. किसनराव मोठ्या पोराले म्हणे, उभा काय, जाय, कोठ्यातला कंदील पेटवून आण.

तुम्ही शहरात राहाले, तुम्हाले सांगतो. जुन्या, बंद विहिरीत उतराच्या आधी पेटता कंदील दोराले बांधून खाली सोडतात. विझला तर समजायचं खाली हवा खराब आहे. मग कडुलिंबाचे डगाळे दोराले बांधून वरखाली करायचे, हवा घुसळायची, पुन्हा कंदील सोडायचा. जळत राहिला तरच माणूस उतरन. ही रीत आमच्याकडे लेकरालेही ठाऊक आहे अन् या रीतीनं किती जीव वाचले असतील ते कोणी मोजलं नाही. सुभद्राही स्लॅबवरून उतरली, कडुलिंबाची फांदी तोडाले गेली. मघाशी एकमेकांचा जीव घेणारे आम्ही सारे पावसात, कंदिलाची वाट पाहत उभे. भांडण कुठं गेलं होतं काय माहीत. मारोती किसनरावाले विचारे, भाऊ कोणत्या विहिरीत गेला जी? किसनराव सांगे. जसं काही दोघं बाजारात भेटले.

कंदील आला. मारोतीनं त्याच्या कडीले दोर बांधला, झाकणाच्या तोंडावर वाकला अन् हात, दोन हात, खाली सोडला.

आवाज फार मोठा नाही झाला. भप्प झालं. जिनिंगात कापसाचा ढीग धुमसता धुमसता एकदम पेट घेते, तसं. झाकणाच्या भोकातून जाळ आला, माणसाच्या वर गेला, पोळी फुगते तसा स्लॅब फुगला अन् मधातून चिरून बसला. मारोती वाकलेला होता. जाळ त्याच्या तोंडातूनच गेला म्हणा. तो उठून पळाला, केस जळून राहिले होते, दोन्ही हात समोर धरलेले अन् हातांची कातडी कोपरापासून मोज्यासारखी लोंबत. ओरडला नाही तो. सुभद्रा ओरडली.

स्लॅबचा एक तुकडा किसनरावाच्या नडगीवर बसला होता, अर्धी मिशी जळाली होती, तरी काठी हातात तशीच. ती त्यानं फेकली, लंगडतच धावला, मारोतीले कवळा घालून पाडलं अन् त्याच चिखलात, त्याच घाणीत, जिच्यासाठी तो मले माराले आला होता, त्यातच त्याले लोळवलं, जाळ विझेपर्यंत. मग पोरांवर ओरडला, बंडी जुंपा! मी एका हातानं पाइपातला बारदाना ओढून काढला, पावसात भिजवला अन् त्याच्या अंगावर टाकला. तेवढंच सुचलं.

माझा खांदा मोडलेला, ज्यानं मोडला त्याच्याच बंडीत मी बसलो, मारोतीचं डोकं माझ्या मांडीवर. किसनराव बैलांले असं मारून राहिला होता की मले बापाच्या पाठीत घुसलेली तुतारी आठवली. रस्ताभर चिखल. मारोतीच्या डोळ्यांच्या पापण्या चिकटून गेल्या होत्या. मधातच त्यानं विचारलं, भाऊजी, बत्ती विझली का?

मी म्हणलं विझली.

म्हणे, मग उतराचं नाही.

पांढुर्ण्याच्या दवाखान्यात पट्ट्या बांधल्या, तिथून गाडीनं नागपूर. जगला तो. एक डोळा गेला, बोटं वाकडी राहिली, सब्बल पुन्हा धरता आली नाही. लोक मले म्हणत, रिपोर्ट लिहा, पाटलानं मारलं, पाटलाच्या कंदिलानं जाळलं. तिकडे त्याले म्हणत, रिपोर्ट लिहा, विहीर नासवली. दोघांनीही नाही लिहिली. नागपूरच्या डॉक्टरनं विचारलं हे झालं कसं. मी सांगितलं. तो म्हणे, विहिरीतली हवा दिवा विझवते, टाकीतली हवा दिव्यानं पेटते, घाण ढवळली की आणखीनच निघते, अन् तिची वर जायची वाट तुम्ही बुजवलेली. पण ऐका, म्हणे, हा माणूस कंदील न सोडता आत उतरला असता तर वर आलाच नसता. त्याले काढाले जो गेला असता तोही नाही.

त्याले काढाले मी गेलो असतो. हे मी कोणाले बोललो नाही, पण सुभद्राले ते कळलं होतं. तर आता सांगा, किसनरावाच्या कंदिलानं मारोतीले जाळलं का वाचवलं? भरली बंडी अन् रिकामी बंडी, मधातला फरक सांगणं हा माझा धंदा, पण हा फरक मले आजवर सांगता आला नाही. मारोतीलेच विचारलं एकदा. तो म्हणे दिव्यानं तोंड घेतलं अन् जीव वापस केला, भाऊजी, तुम्ही काहून मोजत बसता?

पाऊस ओसरल्यावर मिस्त्रीनं स्लॅब फोडून आत पाह्यलं. शोषखड्ड्याचा पाइप बुजलेला नव्हता. काहीच बुजलेलं नव्हतं. जमीनच पाण्यानं भरलेली, शोषखड्ड्यातलं पाणी जाईन कुठं? म्हणे पाणी कमी वापरायचं, वाट पाहायची, जमीन सुकली की आपोआप मुरते. म्हणजे मारोती ज्या कामाले उतरून राहिला होता ते काम नव्हतंच.

नवीन स्लॅब टाकेपर्यंत सुभद्राचं काय? तिनं सांगितलं होतं नाल्यावर जाणार नाही. किसनरावानं आपल्या बगिच्याच्या कोपऱ्यात तट्ट्यांचा आडोसा केला अन् बायकोच्या हाती निरोप पाठवला, तिथं या म्हणावं, कोणी गोटा मारणार नाही. स्वतः नाही आला. माफी त्यानं मागितली नाही, अन् त्या बादलीची मीही नाही मागितली.

आता टाकी चांगली आहे. शोषखड्डा मी काळी माती पार करून मुरमापर्यंत नेला, किसनरावाच्या बांधापासून आणखीन दूर. छपराचं पाणी वेगळ्या नालीनं काढलं. पाइपाले लोखंडी जाळीची टोपी आहे, तिच्यात कोणाले काही कोंबू देत नाही. जमीन ओली असताना उपसत नाही, अन् आत माणूस उतरत नाही, कोणीच नाही, कितीही मोठा विहिरीवाला असो. फागणात आभाळ आलं की खांदा दुखते, आभाळाच्या आधी मले तोच सांगते.

या फागणातही पाऊस लागला. उघडल्यावर मी झाकण काढलं, सकाळपासून तसंच हवेले ठेवलं, मग बांबू टेकवला. गाळ सव्वा फूट. मारोती आला होता, तो दर वर्षी येते, डोक्याले टॉवेल गुंडाळून दूर खुर्चीवर बसते अन् तिथून हुकूम सोडते. म्हणे भाऊजी, विस्तू आहे का कुठं आसपास? मी इकडेतिकडे पाह्यलं. चूल बंद होती. बांधावर किसनराव उभा होता, तोंडात बीडी. मारोतीले तर तेवढं दुरून दिसत नाही. किसनरावानं बीडी तोंडातून काढली, वाकून ओल्या मातीत दाबली, पायानं घासली, अन् मी झाकण बसवेपर्यंत तिथंच उभा राहिला. मग नवीन पेटवली अन् गेला.

बस, एवढंच आहे माझं. सुभद्रा आतून म्हणते की पाहुण्याले चहा घेतल्याबिगर सोडू नका. घ्या. तुमच्या घरच्या बाया सुखात राहो, त्यांच्यावर कोणाचा गोटा न येवो, अन् तुमच्या घरी टाकी असन तर तिचं झाकण काढताना पहिले बीडी विझवा.